‘अविभाज्य’ या शब्दाचे काय करायचे?

काही दिवसांपूर्वी एका शाळेत आठवीचा विज्ञानाचा तास पाहण्याचा योग आला. फळ्यावर स्वच्छ अक्षरात वाक्य लिहिलेले होते : ‘पदार्थाच्या अविभाज्य अशा लहानात लहान कणाला अणू म्हणतात.’ मुलांनी ते वहीत उतरवून घेतले, दोनदा मोठ्याने म्हटले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “बाई, अणू तुटतच नाही, तर मग त्याच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर कसा येतो?” बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “ते पुढच्या धड्यात आहे. परीक्षेत मात्र हेच लिहायचं.”

हा प्रसंग आम्ही बाईंना दोष देण्यासाठी सांगत नाही. हेच वाक्य आम्हीही वर्षानुवर्षे वर्गात सांगितले आहे, आणि अशा प्रश्नाला असेच काहीसे उत्तर देऊन पुढे गेलो आहोत. पण त्या मुलीने त्या दिवशी काय शिकले याचा विचार केला, की अस्वस्थ वाटते. विज्ञानातले वाक्य पुढचा धडा येईपर्यंतच खरे असते, आणि परस्परविरुद्ध दोन वाक्ये दोन वेगळ्या प्रश्नांना लिहिली की दोन्हींचे गुण मिळतात, हे ती शिकली. एवढी मोठी किंमत एका शब्दापायी मोजावी लागत असेल, तर तो शब्द नीट तपासून घेणे आपले काम आहे. हा लेख म्हणजे ‘अविभाज्य’ या शब्दाची आणि त्याच्या भावंडांची अशी तपासणी आहे.

शब्द काय म्हणतो?

इंग्रजी ‘ॲटम’ हा शब्द ग्रीक ‘अतोमोस’वरून आला. त्यातला ‘अ’ आपल्या ‘अखंड’, ‘अतूट’ यांतल्या ‘अ’सारखाच नकार दाखवणारा. ‘तोमोस’ कापण्याशी संबंधित. ॲनाटॉमी, ॲपेंडेक्टॉमी या वैद्यकातल्या शब्दांत तोच ‘कापणे’ लपलेला आहे. म्हणून ॲटम म्हणजे ‘जो कापता येत नाही तो’. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ल्युसिपस आणि डेमॉक्रिटस या ग्रीक विचारवंतांनी ही कल्पना मांडली. पुढे सिसेरो या रोमन लेखकाने ‘अतोमोस’साठी लॅटिनमध्ये ‘इंडिव्हिड्युअम’ हा शब्द वापरला. त्याचाही अर्थ ‘ज्याचे भाग होत नाहीत ते’ असाच. माणसासाठी वापरला जाणारा इंग्रजी ‘इंडिव्हिज्युअल’ हा त्याचाच वंशज.

आता आपला शब्द पाहू. संस्कृतात ‘अणु’ याचा अर्थ बारीक, सूक्ष्म. वरीसारख्या बारीक दाण्याच्या एका धान्यालाही संस्कृतात अणु म्हणत. ‘अणु’च्या विरुद्ध शब्द ‘महत्’, म्हणजे मोठे. त्याच्या विरुद्ध कोणी ‘विभाज्य’ म्हणत नाही. थोडक्यात, हा शब्द आकाराविषयी बोलतो. तुटण्या-न तुटण्याविषयी तो एक अक्षरही बोलत नाही.

आमचा पहिला आक्षेप नेमका इथे आहे. ‘अणू फुटत नाही’ अशी प्रतिज्ञा ग्रीक शब्दाने केली होती आणि ती खोटी ठरली. इंग्रजी शाळेतल्या शिक्षकाला ती निस्तरावी लागते, कारण ती त्याच्या शब्दाच्या पोटातच आहे. मराठी शिक्षकावर असा कोणताही भार नव्हता. ‘अणू’ म्हणजे अतिसूक्ष्म कण. तो फुटतो असे कळले, तरी शब्दाला तडा जात नाही. पण आपण ग्रीक शब्दाच्या व्युत्पत्तीचे भाषांतर केले, ते ‘अणू’ची व्याख्या म्हणून वहीत उतरवले, आणि जी विसंगती आपल्या शब्दात नव्हती ती बाहेरून आणून बसवली. ‘अणुविभाजन’ हा शब्द मराठीत सहज चालतो. अणूचा अर्थच अविभाज्य असता, तर ‘अविभाज्याचे विभाजन’ असे हास्यास्पद काहीतरी आपण म्हणत असतो.

शिवाय व्युत्पत्ती ही व्याख्या नसते. ऑक्सिजन या नावाचा अर्थ आम्ल तयार करणारा. लाव्हाझिएला सर्व आम्लांत ऑक्सिजन असावा असे वाटले होते, म्हणून हे नाव. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतो हे पुढे सिद्ध झाले. नाव तसेच राहिले. मलेरिया म्हणजे ‘वाईट हवा’, पण वर्गात आपण डासाविषयीच बोलतो. नाव ही जुन्या समजुतीची खूण असते. ती इतिहास म्हणून सांगावी, व्याख्या म्हणून नव्हे.

एक शब्द, दोन अर्थ

दुसरी अडचण शेजारच्या भाषांची आहे. मराठीत ॲटमला अणू आणि मॉलिक्यूलला रेणू म्हणतात. हिंदीत ॲटमला ‘परमाणु’ आणि मॉलिक्यूलला ‘अणु’. गुजराती आणि बंगालीतही हिंदीसारखीच जोडी आहे. म्हणून मुंबईतल्या एकाच संस्थेला मराठीत भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणतात आणि हिंदीत भाभा परमाणु अनुसंधान केंद्र.

पाटीवरच्या नावापुरते हे ठीक. पण ऑक्सिजनचा ‘अणुभार’ किती? मराठी पुस्तक वाचणारा विद्यार्थी १६ म्हणेल. हिंदी पुस्तक वाचणारा ३२ म्हणेल, कारण त्याच्या भाषेत तो रेणूचा भार आहे. दोघेही बरोबर असतात. हिंदीतले मार्गदर्शक पुस्तक किंवा हिंदीतला कार्यक्रम पाहून अभ्यास करणारा आपला विद्यार्थी मात्र या दोघांच्या मध्ये सापडतो. त्याला हा फरक कोणी सांगितलेला नसतो.

गंमत अशी, की रसायनशास्त्राच्या इतिहासात नेमका हाच गोंधळ अर्धे शतक चालला होता. डाल्टन साध्या मूलद्रव्याच्या कणालाही ॲटम म्हणे आणि पाण्यासारख्या संयुगाच्या कणालाही ‘संयुक्त ॲटम’ म्हणे. १८११ साली ॲव्होगाड्रोने दोन पातळ्या वेगळ्या कराव्यात असे सुचवले, पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. परिणामी ऑक्सिजनचा भार कोणी ८ धरी, कोणी १६. पाण्याचे सूत्रही दोन प्रकारे लिहिले जाई. केकुले या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८६१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात ॲसेटिक आम्लासाठी त्या वेळी प्रचारात असलेली १९ सूत्रे नोंदवली आहेत! हा गुंता सोडवण्यासाठी १८६० साली जर्मनीत कार्ल्सरूहे येथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तिथे कॅनिझारोने ॲव्होगाड्रोचा विचार पुन्हा मांडला आणि हळूहळू अणू व रेणू हे भेद पक्के झाले. एका शब्दाचे दोन अर्थ राहिले तर नुसती परीक्षा नव्हे, अख्खे शास्त्र कसे अडते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

मग मराठी जोडी बरी की हिंदी? ‘परमाणु’मधला ‘परम’ हा ‘याहून लहान काही नाही’ असा दावा करतो. परमाणूच्या आत केंद्रक आणि केंद्रकाच्या आत प्रोटॉन सापडल्यावर तो दावा टिकत नाही. उलट अणू-परमाणू या जोडीत दोघांचे नाते लगेच कळते. मराठीतल्या अणू-रेणूंत कोण मोठा, हे पाठ करावे लागते. कोणतीही जोडी निर्दोष नाही. पण ‘अणू’ हा शब्द कमी बोलतो, आणि विज्ञानाच्या शब्दांत कमी बोलणे हा गुण आहे, असे आम्हाला वाटते.

कवडशातला कण

अणूचा विषय निघाला की वर्गात ‘हे सगळे आपल्याकडे आधीच माहीत होते’ असे वाक्य हमखास येते. ते वाक्य न तपासता सोडणे जसे चूक, तसे हसून उडवून लावणेही चूक. प्राचीन भारतीय चर्चा खरोखर काय होती?

कणादाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वैशेषिक दर्शनात परमाणू निरवयव, म्हणजे भाग नसलेला, मानला आहे. दोन परमाणूंचे द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक. हे त्र्यणुक डोळ्यांना दिसणारे सर्वांत लहान द्रव्य. कौलांच्या फटीतून येणाऱ्या कवडशात जो कण तरंगताना दिसतो तो त्याचा नमुना. त्यालाच त्रसरेणू असेही म्हटले आहे. पदार्थ अनंत वेळा तोडता येत असता, तर मेरू पर्वत आणि मोहरीचा दाणा यांत काही फरकच उरला नसता, दोघांचेही अनंतच भाग झाले असते. म्हणून तोडणे कुठेतरी थांबलेच पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

याला विरोधही झाला. वसुबंधू या बौद्ध आचार्याने विचारले : परमाणूला वर, खाली आणि चारही बाजूंनी असे सहा परमाणू एकाच वेळी चिकटले, तर प्रत्येकाला चिकटायला त्याची वेगळी बाजू लागेल. बाजू आल्या म्हणजे भाग आले. मग तो निरवयव कसा? हा प्रश्न आजही हुशार विद्यार्थ्याला विचारण्याजोगा आहे. मेरूच्या युक्तिवादातही एक फट आहे. १/२, १/४, १/८ असे तुकडे अनंत असले तरी त्यांची बेरीज १ च होते, हे अकरावी-बारावीचा विद्यार्थी जाणतो. मोहरीचे अनंत तुकडे मिळून मोहरीएवढेच भरतील, मेरूएवढे नव्हे.

ही चर्चा बुद्धीला धार लावणारी आहे. पण तिला आजचा अणुसिद्धान्त म्हणता येत नाही. वैशेषिकांचे परमाणू पृथ्वी, आप, तेज आणि वायू या चारच द्रव्यांचे. त्यांना मोजलेले वजन नाही. डेमॉक्रिटसच्या कणांनाही नव्हते. डाल्टनने १८०३ पासून सापेक्ष भारांची कोष्टके मांडायला सुरुवात केली, तेव्हा अणू तर्कातून तराजूत आला. पूर्वजांचा मोठेपणा त्यांनी विचारलेल्या प्रश्नांत पाहावा. न केलेल्या मोजमापाचे श्रेय त्यांना देऊन तो वाढत नाही.

तुटल्यावर काय उरते?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. अणू तुटतो, हे आज शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. मग ‘अविभाज्य’मध्ये काही अर्थ होता की नाही?

होता, आणि तो खुद्द डाल्टननेच सांगितला होता. मूलद्रव्याचा अणू तुटत नाही असेच तो मानी. पण कार्बन डायऑक्साइडच्या, त्या काळच्या भाषेत कार्बोनिक आम्लाच्या, ‘संयुक्त ॲटम’विषयी बोलताना आपल्या एका व्याख्यानात त्याने असा खुलासा केला, की हा कण तोडता येईल, पण तोडल्यावर तो कार्बोनिक आम्ल राहणार नाही, कोळसा आणि ऑक्सिजन होईल. म्हणजे प्रश्न ‘तुटतो का?’ हा नाही. ‘तुटल्यावर तो तोच राहतो का?’ हा आहे.

हे वर्गात दाखवता येते. स्वयंपाकघरात वापरतात त्या ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाची १० सेंटिमीटर लांब पट्टी घ्या. मधोमध कापा. एक अर्धा बाजूला ठेवून दुसरा पुन्हा कापा. सात-आठ वेळा कापल्यावर कात्री हात टेकते. तुकडा मिलिमीटरहून लहान झालेला असतो. इथे मुलांना विचारा, असे किती वेळा कापले तर एका अणूच्या लांबीपर्यंत पोहोचू? मुले लाखांत, कोटींत उत्तरे देतात. खरे उत्तर आहे सुमारे २८. प्रत्येक कापण्यागणिक लांबी निम्मी होते, आणि २ चा २८ वा घात सुमारे २७ कोटी आहे. मग विचारा, २९ व्या वेळी काय होईल? कात्री बोथट आहे म्हणून आपण थांबतो, की ॲल्युमिनियम संपते म्हणून? याच टप्प्यावर मुलांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळते. तिथून पुढे तोडता येणार नाही असे नाही. पण जे हाती येईल ते ॲल्युमिनियम नसेल.

१९३८ च्या डिसेंबरात हान आणि स्ट्रासमान यांना युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा केल्यावर बेरियम सापडले, ते याच अर्थाने. युरेनियमचा अणू फुटला, आणि त्याचे ‘लहान युरेनियम’ झाले नाही. दुसरीच मूलद्रव्ये झाली. माइटनर आणि फ्रिश यांनी त्याचा उलगडा केला. फ्रिशने या क्रियेला नाव देताना जीवशास्त्रातल्या पेशीविभाजनाचा शब्द उसना घेतला. तुलना मोठी बोलकी आहे, कारण दोन्हींत नेमका विरोध आहे. पेशी विभागली तर दोन पेशी होतात. युरेनियमचे केंद्रक विभागले तर दोन युरेनियम होत नाहीत.

पण ‘तो तोच राहतो’ म्हणजे नेमके काय राहते? इथेही पाठ केलेली व्याख्या घसरते. ‘पदार्थाचे सर्व गुणधर्म असलेला लहानात लहान कण’ असे आपण लिहून देतो. सोन्याचा एकटा अणू पिवळा नसतो, त्याला चकाकी नसते, त्याचा पत्रा होत नाही. अणूपर्यंत जाण्याचीही गरज नाही. सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात पसरले की ते माणकासारखे लाल दिसतात. फॅरेडेने १८५७ साली त्यांचा अभ्यास केला होता. पाण्याचा एक रेणू ओला नसतो आणि तो १०० अंशांना उकळत नाही. रंग, ओलेपणा, उत्कलनबिंदू हे समुदायाचे गुण आहेत. एकट्या अणूत टिकते ती रासायनिक ओळख. ती केंद्रकातल्या प्रोटॉनांच्या संख्येवर ठरते, म्हणजे सोन्याच्या बाबतीत ७९ वर. इलेक्ट्रॉन गेला तरी ही ओळख जात नाही. घरातल्या ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन निघतात, तरी पारा पाराच राहतो. म्हणून ‘निदान रासायनिक क्रियेत तरी अणू अविभाज्य असतो’ ही सारवासारवही पुरी पडत नाही. तिथे अखंड राहते ते केंद्रक.

मिठाची गोष्ट तर आणखी बोलकी. ‘मिठाचा रेणू’ असे आपण सर्रास म्हणतो. १९१३ साली ब्रॅग यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली, तेव्हा त्यात सोडियम व क्लोरीन यांची वेगळी जोडी अशी सापडलीच नाही; बुद्धिबळाच्या पटासारखी आळीपाळीने रचना दिसली. आर्मस्ट्राँग या ज्येष्ठ इंग्लिश रसायनशास्त्रज्ञाला हे इतके खटकले, की १९२७ साली त्याने ‘नेचर’ या नियतकालिकात पत्र लिहून बिचाऱ्या मिठाची बाजू घेतली. म्हणजे मिठाच्या खड्यात ‘रेणू’ हा लहानात लहान तुकडा नाहीच. जिथे तुकडाच नाही, तिथे तो अविभाज्य आहे की नाही हा प्रश्नही उरत नाही.

इतिहासाचा आणखी एक विनोद मुलांना जरूर सांगावा. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला १८९७ साली. म्हणजे अणूतून तुकडा निघतो हे तेव्हाच कळले. पण अणू खरोखर असतात की नाही, याविषयी काही मोठे शास्त्रज्ञ तेव्हाही साशंक होते. १९०५ सालचे आइन्स्टाइनचे गणित आणि त्यानंतरचे पेराँचे प्रयोग यांनी ती शंका मिटवली. ‘न कापता येणारा’ कण आहे हे सर्वांनी मान्य केले, तेव्हा तो कापता येतो हे आधीच सिद्ध झाले होते.

न तुटणे आणि न सुटणे

आतापर्यंत आपण तुकड्यांविषयी बोललो. पण ‘अविभाज्य’ हाच शब्द आपण आणखी एका अर्थाने वापरतो. ‘चुंबकाचे दोन ध्रुव अविभाज्य आहेत’ असे म्हणताना चुंबक तुटत नाही असे आपल्याला म्हणायचे नसते. चुंबक खुशाल तुटतो. चुंबकाने एकाच दिशेने घासून चुंबकित केलेली शिवणाची सुई कापडात गुंडाळून पकडीने मोडा. प्रत्येक तुकडा पुन्हा दोन ध्रुवांचा चुंबक झालेला दिसेल. नुसता उत्तर ध्रुव हाती येत नाही. असा एकटा ध्रुव असू शकेल, असे डिरॅकने १९३१ साली सिद्धान्तातून दाखवले, पण आजवर तो निर्विवादपणे कोणाला सापडलेला नाही.

प्रोटॉनच्या आतही असेच. १९६४ साली गेल-मान आणि झ्वाइग यांनी स्वतंत्रपणे क्वार्कची कल्पना मांडली आणि पुढे प्रयोगांतून प्रोटॉनला अंतर्गत रचना असल्याचे दिसले. पण एकटा क्वार्क वेगळा काढता येत नाही. ओढून बाहेर काढायला जावे, तर त्यासाठी लावलेल्या ऊर्जेतून नवी क्वार्क-प्रतिक्वार्क जोडी तयार होते आणि पुन्हा जोडलेलेच कण हाती येतात. चुंबकाची आठवण करून देणारी ही गोष्ट आहे, पण कारण अगदी निराळे.

तेव्हा इथे दोन वेगळ्या कल्पना आहेत. इलेक्ट्रॉनचे भाग असल्याचे आजवर आढळलेले नाही. तो न तुटणारा. क्वार्क प्रोटॉनचे भाग म्हणून ओळखता येतात, पण सुटे मिळत नाहीत. ते न सुटणारे. मराठी बोलीत हा फरक सहज आहे : तुटणे वेगळे, सुटणे वेगळे. गाठ सुटते, दोरा तुटतो. पुस्तकी मराठीत मात्र दोन्हींना आपण ‘अविभाज्य’ या एकाच टोपलीत टाकतो.

जुन्या तर्कशास्त्रात या टोपल्या वेगळ्या होत्या, हे सांगायला आनंद वाटतो. परमाणूसाठी ‘निरवयव’, आणि जे एकमेकांपासून वेगळे राहू शकत नाहीत त्यांच्यासाठी ‘अयुतसिद्ध’. वस्त्र आणि त्याचे धागे, घडा आणि त्याचा रंग या अयुतसिद्ध जोड्या. रंग घड्यापासून काढून बाजूला ठेवता येत नाही. पण घड्यावर बसलेला कावळा उडून जाऊ शकतो. तो नुसता ‘संयोग’. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात या जोड्यांचे पाच प्रकार दिले आहेत. हे शब्द पाठ्यपुस्तकात आणा असे आम्ही म्हणत नाही. आणले तर मुले आणखी गोंधळतील. पण भेद करण्याची ती सवय मात्र आणावी.

मूळ, अभाज्य आणि व्यक्ती

गणिताच्या तासालाही हाच प्रश्न दुसऱ्या वेषात येतो. २, ३, ५, ७ या संख्यांना मराठीत मूळ संख्या म्हणतात, हिंदीत ‘अभाज्य’. ७ खरोखर अभाज्य आहे का? ७ भाकरी दोघांत वाटायच्या तर साडेतीन-साडेतीन येतात. घरात कोणी ‘७ अभाज्य आहे’ म्हणून उपाशी राहत नाही. ७ चे भाग पडत नाहीत ते पूर्ण संख्यांच्या राज्यात. राज्य बदलले की कायदा बदलतो. वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांनी ५ घेऊन पाहावे. काल्पनिक संख्या i वापरायची मुभा दिली, तर (२+i) आणि (२−i) यांचा गुणाकार ५ येतो. पूर्णांकांत न फुटणारा ५ इथे फुटला.

‘अभाज्य’ शब्दाने १ विषयीही चुकीचा समज होतो. १ चे भाग पडत नाहीत, मग तो पहिला अभाज्य का नाही, असे मुले विचारतात. ‘मूळ’ शब्दापाशी उत्तर सोपे आहे : गुणाकाराने इतर संख्या ज्यांतून बांधल्या जातात त्या मूळ संख्या, १ ने गुणून काहीच बांधले जात नाही. इथेही मराठी शब्द सरस वाटतो. दोष एवढाच, की वर्गमूळ आणि समीकरणाची मुळे यांच्याशी त्याची गल्लत होते.

जीवशास्त्रात ‘इंडिव्हिज्युअल’साठी आपण ‘व्यक्ती’ म्हणतो. व्यक्ती म्हणजे जे व्यक्त झाले, वेगळे दिसू लागले ते. यातही न तुटण्याचा दावा नाही, आणि ते बरेच आहे. पानफुटीचे एक पान ओल्या मातीवर ठेवा. त्याच्या कडेला अनेक रोपे फुटतात. केळीच्या बुंध्यापासून निघालेले मुनवे तोडून लावले की नवी बाग होते. अठराव्या शतकात ट्रेंब्लीने हायड्राचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यापासून पूर्ण हायड्रा झाला. मांजराचे दोन तुकडे केले तर दोन मांजरे होत नाहीत. सजीवांत ‘एक’ कशाला म्हणायचे हे जातीजातीनुसार बदलते, एवढे जरी मुलांना कळले तरी तो तास सत्कारणी लागला.

मग वर्गात काय करावे?

‘अविभाज्य’ शब्दावर बंदी घाला, असे आमचे म्हणणे नाही. तो शब्द एकट्याने वर्गात येऊ देऊ नये, एवढेच. तो आला की त्याच्यामागून तीन प्रश्न यावेत.

पहिला : कशाने तोडायचे, आणि कोणते नियम पाळून? कात्रीने, आम्लाने, न्यूट्रॉनने, की पूर्ण संख्यांनी?

दुसरा : तुटल्यावर जे उरते त्याला तेच नाव देता येते का?

तिसरा : भाग ओळखता येतात, पण सुटे करता येतात का?

हे तीन प्रश्न खडू, मीठ, चुंबक, ७ ही संख्या, गांडूळ आणि इलेक्ट्रॉन यांना लावून मुलांना तक्ता करायला सांगा. काही घरे रिकामी राहतील, काहींवर वाद होईल. होऊ द्यावा. व्याख्या लिहून द्यायचीच असेल तर अशी द्यावी : ‘मूलद्रव्याची रासायनिक ओळख टिकवून धरणारा त्याचा लहानात लहान कण म्हणजे अणू.’ हे वाक्य पुढच्या धड्यात इलेक्ट्रॉन आला तरी मोडत नाही, आणि त्याच्या पुढच्या इयत्तेत अणुभट्टी आली तरी मोडत नाही. ॲटम या नावाचा ‘न कापता येणारा’ हा अर्थ त्यानंतर, गोष्ट म्हणून सांगावा.

आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलीला? तिला सांगावे, की तुझा प्रश्न बरोबर आहे आणि फळ्यावरचे वाक्य चुकलेले आहे. मग तिच्याच हाताने ते पुसून घ्यावे. ज्या शिक्षकांनी असे करून पाहिले असेल त्यांनी वर्गात पुढे काय घडले ते आम्हाला जरूर कळवावे.